मालाने भरलेल्या पिकअप-टेम्पोचे चाक रस्त्यात बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजीपाला, सिमेंट, दुधाचे कॅन, फरश्या, औषधांचे खोके, फर्निचर असा माल वाहणाऱ्या पिकअप, छोटे टेम्पो आणि डिलिव्हरी व्हॅन यांचे चालक व मालक यांच्यासाठी हे प्रश्न आणि उत्तरे दिली आहेत. पाऊण टनापासून दीड-पावणेदोन टनांपर्यंत माल वाहणाऱ्या, मागच्या चाकांना गती मिळणाऱ्या आणि मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) असलेल्या गाड्या येथे डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काही वेगळे सांगितले असेल तर पुस्तिकेचेच ऐकावे.

मोटारीचे चाक बदलता येते, मग भरलेल्या पिकअपचे बदलण्यात वेगळे काय आहे?

नट सोडणे, चाक काढणे आणि स्टेपनी चढवणे ही कामे दोन्हीकडे सारखीच आहेत. फरक वजनाचा आहे आणि ते वजन कुठे बसलेले आहे याचा आहे. समजा, मालासह गाडीचे वजन तीन टन आहे. त्यातले साधारण दोन टन मागच्या एक्सेलवर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसावर, येतात, म्हणजे मागच्या एकेका चाकावर जवळजवळ एक टन. टायर बसला की गाडी त्या बाजूला कलते, उंच रचलेला माल त्याच बाजूला रेलू लागतो आणि जॅकवर येणारे वजन हिशोबापेक्षा वाढते. त्यातच आपले बहुतेक रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मधून कडेकडे उतरते केलेले असतात, त्यामुळे डाव्या बाजूचे चाक बसले असेल तर हा कल आणखी वाढतो.

रिकामी गाडी जॅकवरून घसरली तर बहुधा चाकामागचा ब्रेकचा ड्रम आणि पत्रा खराब होतो. भरलेली गाडी घसरली तर ती पुढे किंवा मागे चालू लागते, आडवी होते किंवा खाली असलेला हात चिरडते. म्हणून या कामात चाक उचलण्यापेक्षा गाडी जागच्या जागी धरून ठेवण्याला जास्त वेळ द्यावा लागतो, आणि खालची बरीचशी उत्तरे त्याविषयीच आहेत.

टायर बसल्याचे लक्षात आल्यावर गाडी लगेच थांबवावी का?

टायर एकदम फुटला असेल तर ब्रेकवर पाय दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि गाडीचा वेग आपोआप उतरू द्यावा. वेग पुरता कमी झाला की मगच हलका ब्रेक लावून गाडी डावीकडे घ्यावी. मागचा टायर फुटलेल्या भरल्या गाडीचा मागचा भाग डुलू लागतो आणि अशा वेळी जोराचा ब्रेक लावला तर ती आडवी फिरते.

त्यानंतर थांबण्याची जागा मात्र निवडून घ्यावी. चारही इंडिकेटर लावून माणसाच्या चालीने, फार तर ताशी दहा किलोमीटरने, जरा पुढे जाऊन सपाट आणि कडक जमीन गाठावी. पेट्रोल पंपाचे आवार, ढाब्यापुढची मोकळी जागा, सर्व्हिस रोड किंवा ट्रक थांबण्यासाठी ठेवलेली रुंद जागा यांपैकी काहीही चालेल. असे चालवल्याने टायर जाईल, कदाचित रिमही वाकेल. ते नुकसान भरून काढता येते. वळणावर, पुलावर, चढाच्या माथ्याच्या पलीकडे किंवा रहदारीच्या अंगाला वाकून काम करताना बसलेली धडक भरून काढता येत नाही. उजव्या बाजूचे चाक बसले असेल तर जागेची निवड अधिकच काटेकोर हवी, कारण आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते आणि काम करणाऱ्याची पाठ थेट रहदारीकडे येते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर चाक पंक्चर झाले तर?

माझे मत स्पष्ट आहे : तेथे स्वतः जॅक लावू नये. गाडी शक्य तितकी डाव्या कडेला घ्यावी, सर्वांनी डाव्या दाराने उतरावे, लोखंडी कठड्यापलीकडे जावे आणि मदत बोलवावी. हे दोन्ही मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत. त्यांचे मदत क्रमांक मार्गावरच्या फलकांवर लिहिलेले असतात, ते निघण्यापूर्वीच फोनमध्ये साठवावेत. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा क्रमांक आहे. जिवावरचा प्रसंग असेल तर कुठूनही ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८.

कठड्यापलीकडे उभे राहतानाही गाडीच्या पुढे उभे राहू नये. मागून धडक बसली तर गाडी पुढेच फेकली जाते. म्हणून गाडीच्या मागच्या अंगाला आणि रस्त्यापासून लांब थांबावे.

घाटात पंक्चर झाले तर काय करावे?

खंबाटकी असो, कसारा असो किंवा कोकणात उतरणारा एखादा अरुंद घाट असो, उतारावर भरलेली गाडी जॅकवर घेऊ नये. हळूहळू चालवत सपाट जागा गाठावी. तेही शक्य नसेल तर गाडीला ठोकळे लावून उभी करावी, मागून-पुढून येणाऱ्यांना सावध करावे आणि दुसरी गाडी बोलवून माल हलवावा किंवा क्रेन मागवावी. घाटात मालाची अदलाबदल कटकटीची असते हे खरे, परंतु उतारावर एक चाक हवेत गेल्यानंतर गाडीला काय धरून ठेवते याचा विचार केला (त्याचे स्पष्टीकरण पुढे दिले आहे) तर ही कटकट पत्करण्याजोगी वाटेल.

मागून येणाऱ्या वाहनांना सावध कसे करावे?

परावर्तक त्रिकोण गाडीच्या बंपरपाशी ठेवून काहीच उपयोग होत नाही, आणि नेमके तेच सर्वत्र दिसते. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. त्रिकोण १०० मीटर मागे असेल तर त्या चालकाला तो ओलांडल्यापासून आपल्या गाडीपर्यंत साडेचार सेकंद मिळतात; दहा मीटरवर असेल तर अर्धा सेकंदही मिळत नाही. गावातल्या रस्त्यावर ५० मीटर, महामार्गावर १०० मीटर किंवा त्याहून अधिक, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, असे अंतर राखावे. त्रिकोण ठेवायला जाताना तो छातीसमोर धरून, रस्त्याच्या कडेकडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे.

झाडाच्या फांद्या आणि दगड ठेवण्याची जुनी पद्धत रात्री धोक्याची आहे. फांदी अंधारात दिसत नाही, आणि काम उरकल्यावर दगड तसेच रस्त्यात राहतात, ते दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततात. रात्री परावर्तक जाकीट अंगात असलेच पाहिजे. डोक्याला बांधायची बॅटरी असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात.

गाडी गिअरमध्ये टाकली आहे आणि हँडब्रेकही ओढला आहे. तरीही चाकांना ठोकळे कशासाठी?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर प्रत्येक चालकाला ठाऊक असायला हवे.

गिअरचा अटकाव इंजिनाकडून प्रॉपेलर शाफ्टमार्फत (गाडीखालून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्यामार्फत) मागच्या एक्सेलपर्यंत येतो. तिथे डिफरन्शियल असते आणि त्याचे कामच असे आहे की दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यायचे. मागची दोन्ही चाके जमिनीवर असतात तोवर गिअर गाडीला धरून ठेवतो. एक चाक हवेत गेले की ते मोकळे होते. मग शाफ्ट जागच्या जागी अडकलेला असला तरी जमिनीवरचे चाक एका दिशेने आणि हवेतले चाक उलट दिशेने आरामात फिरू शकते. म्हणजे मागचे चाक उचलताच गिअरचा आधार संपला.

राहिला हँडब्रेक. अशा बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या दोन चाकांच्या ड्रममध्येच काम करतो. त्यातले एक चाक हवेत आहे, त्यामुळे संपूर्ण गाडी उरलेल्या एका ड्रमवर तोललेली असते, आणि रोज माल वाहणाऱ्या गाड्यांच्या हँडब्रेकची केबल किती ढिली असते हे चालकांना सांगायला नको. काही गाड्यांमध्ये हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. तिथे तर गिअरची जी गत तीच हँडब्रेकची.

म्हणून मागचे चाक उचलायचे असेल तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, असे चार ठोकळे लावावेत. पुढचे चाक उचलायचे असेल तर मागच्या दोन्ही चाकांना तसेच लावावेत. ठोकळा पाचरीसारखा तिरपा कापलेला, टणक लाकडाचा किंवा जाड रबराचा असावा, आणि त्याची उंची चाकाच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतकी तरी असावी. पायाने सरकवून ठेवलेला ठोकळा पुरत नाही. तो टायरला घट्ट भिडेपर्यंत हातोडीने ठोकून बसवावा. रस्त्यात सापडलेला गोल धोंडा भरलेल्या गाडीपुढे गडगडत जातो.

गिअर आणि हँडब्रेक मात्र तरीही लावलेलेच ठेवावेत. ठोकळे त्यांच्या जोडीला असतात.

माल उतरवणे गरजेचे आहे का? सगळा उतरवावा लागतो का?

माल उतरवता येत असेल तर उतरवावा. सगळाच उतरवण्याची गरज नसते, पण कोणता उतरवायचा हे विचारपूर्वक ठरवावे. मागच्या एक्सेलच्याही मागे ठेवलेला माल तरफेसारखा काम करतो आणि स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार मागच्या चाकांवर टाकतो. समजा, पुढच्या आणि मागच्या एक्सेलमधले अंतर अडीच मीटर आहे आणि १०० किलोची वस्तू मागच्या एक्सेलच्या अर्धा मीटर मागे आहे. अशा वेळी मागच्या एक्सेलवर १२० किलो भार येतो आणि पुढच्या चाकांवरचा २० किलो भार कमी होतो. म्हणून मागची फळी उघडून मागच्या टोकाचा आणि वरच्या थरांचा माल आधी उतरवावा. सिमेंटच्या ५० किलोच्या दहा गोण्या उतरवल्या तरी अर्धा टन कमी होतो, आणि जॅकच्या दांड्याला तो फरक लगेच जाणवतो.

बसलेल्या चाकाच्या बाजूचा माल दुसऱ्या बाजूला रचण्याचा मोह टाळावा. चाक उचलले की कल उलट बाजूला होतो आणि घाईत रचलेला तो ढीग कोसळतो. दोरी आणि ताडपत्री सोडण्यापूर्वी माल कोणत्या बाजूला रेलला आहे ते पाहावे, आणि त्या बाजूला कुणीही उभे राहू नये. काचेच्या पेट्या, फरश्या आणि लोखंडी सळ्या यांच्याबाबत ही खबरदारी कधीही सोडू नये. भरलेले गॅस सिलिंडर, रसायनांचे पिंप किंवा ॲसिडचे कॅन असतील तर रस्त्याच्या कडेला स्वतःहून काही उतरवू नये. माल पाठवणाऱ्याला कळवून त्याच्या माणसांची वाट पाहावी.

गाडीबरोबर मिळालेला जॅक पुरतो का?

तो त्याच गाडीचा असेल आणि नीट ठेवलेला असेल तर ठरवून दिलेल्या वजनापर्यंत पुरतो. प्रत्यक्षात जुन्या गाडीत दुसऱ्याच कुठल्या तरी मोटारीचा कातरीसारखा उघडणारा जॅक निघतो. मोटारीचा एक टनी जॅक भरलेल्या पिकअपखाली लावू नये. एका कोपऱ्यावर एक टन येत असेल तर किमान दोन टनी, आणि शक्यतो तीन ते पाच टनी हायड्रॉलिक बॉटल जॅक घ्यावा. जॅकवरच त्याची क्षमता कोरलेली असते.

बॉटल जॅक उभाच वापरायचा असतो आणि उभाच ठेवायचा असतो. आडवा पडून राहिला की तेल झिरपते, आत हवा शिरते आणि नेमक्या वेळी तो अर्ध्यावर अडतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा गॅरेजच्या सपाट जागेत, ठोकळे लावून, तो गाडीखाली लावून पाहावा. दहा मिनिटांत तो थोडा जरी खाली बसला तर त्याची दुरुस्ती करावी किंवा नवा घ्यावा.

जॅक नेमका कुठे लावावा?

मागे पाट्यांवर बसलेला अखंड एक्सेल असेल तर जॅक एक्सेलखाली, बसलेल्या चाकाच्या बाजूला, पाट्याच्या जवळ लावावा. चेसिसखाली (गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली) लावला तर आधी दबलेले पाटे मोकळे होईपर्यंत सगळी बॉडी मालासह वर उचलावी लागते आणि तरीही चाक जमिनीलाच टेकलेले राहते. तितकी उंची गाठेपर्यंत जॅक पूर्ण बाहेर आलेला असतो आणि गाडी डळमळू लागते.

एक्सेलची नळी गोल असते, त्यामुळे जॅकचे डोके तिच्या मधोमध बसले आहे ना ते खाली वाकून, बॅटरी मारून पाहावे. एक्सेलवरून ब्रेकची बारीक नळी गेलेली असते. ती जॅकच्या डोक्याखाली सापडली तर चेपते, आणि हे लक्षात येते ते पुढच्या उतारावर ब्रेक मारल्यावर. डिफरन्शियलच्या गोळ्याखाली जॅक लावून एकदम दोन्ही चाके उचलू नयेत. पुढच्या बाजूला मात्र प्रत्येक गाडीची रचना वेगळी असते, म्हणून तिथे पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावावा.

साइडपट्टी मऊ आहे. जॅकखाली दगड किंवा वीट ठेवली तर चालेल का?

चालणार नाही. वीट आणि सिमेंटचा पोकळ ब्लॉक वजनाखाली अचानक फुटतो. कोकणात रस्त्याकडेला जांभ्याचे चिरे सहज मिळतात, पण जांभा सच्छिद्र असतो आणि जॅकच्या लहानशा बुडाखाली एक टन आला की त्याचा भुगा होऊ लागतो. एकावर एक रचलेले दगड तर कधीच नकोत.

यासाठी गाडीत एक फळी कायम ठेवावी : सुमारे ३० सेंटीमीटर लांब-रुंद, चार-पाच सेंटीमीटर जाड, टणक लाकडाची. जॅकचे बूड तळहाताएवढे असते. फळीमुळे तोच भार कितीतरी मोठ्या जागेवर पसरतो. मराठवाड्या-विदर्भातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात ही फळीही पुरत नाही. तिथे गाडी डांबरावर किंवा मुरमावर घेतल्याशिवाय जॅक लावण्यात अर्थ नाही. मे महिन्यात भर दुपारी डांबरही मऊ पडते आणि जॅक त्यात रुतत जातो, म्हणून सपाट डांबरी रस्त्यावरदेखील फळी हवीच.

पहिले चार-पाच दांडे मारून थांबावे आणि फळीकडे पाहावे. तिची एक कड जमिनीत दबत असेल आणि दुसरी उचलली जात असेल तर जॅक वाकडा होणार हे निश्चित. तेव्हाच उतरवून पुन्हा लावावा.

टायर पूर्ण बसल्यामुळे एक्सेलखाली जॅक जातच नाही. काय करावे?

चार-पाच सेंटीमीटर जाडीची दुसरी फळी बसलेल्या चाकाच्या पुढे ठेवून गाडी अगदी हळू तिच्यावर चढवावी. तेवढी उंची बहुधा पुरते. त्यानंतर ठोकळे लावावेत. एक्सेलखालची जमीन हाताने उकरून जागा करू नये. त्यासाठी गाडीखाली शिरावे लागते आणि उकरलेली जमीन भुसभुशीत होते.

कामाचा योग्य क्रम कोणता?

सर्वांनी गाडीतून उतरायचे. त्रिकोण ठेवायचा, हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा, ठोकळे ठोकायचे. मग जॅक काढण्याआधी स्टेपनी बाहेर काढायची. पुष्कळ पिकअपमध्ये ती बॉडीखाली साखळीला टांगलेली असते आणि चिखलामुळे साखळी गंजलेली असते. गाडी जॅकवर घेतल्यानंतर ती काढायला खाली शिरणे म्हणजे जीव टांगणीला लावणे होय. स्टेपनीत हवा आहे ना हेही याच वेळी पाहावे. बिनहवेची स्टेपनी गाडी उचलल्यावर सापडली तर सगळे श्रम वाया जातात.

चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा-अर्धा फेरा ढिले करावेत, पूर्ण काढू नयेत. हवेत असलेल्या चाकाचे घट्ट नट सोडताना दिलेला हिसका सरळ जॅकला बसतो. त्यानंतर फळीवर जॅक उभा करून हळूहळू उचलावे. स्टेपनी आडवी करून चेसिसखाली, जॅकच्या जवळ सरकवावी. जॅक दगा देऊ लागलाच तर गाडी त्या चाकावर टेकेल. स्टेपनी हवेने फुगलेली असल्याने तिला बसलेल्या टायरपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून चाक जमिनीपासून पाच-सहा सेंटीमीटर वर येईपर्यंत उचलावे, त्याहून अधिक नको.

आता नट काढून ते स्वच्छ फडक्यावर ठेवावेत. चाक काढताच ते चेसिसखाली सरकवावे आणि खालची स्टेपनी बाहेर घ्यावी, म्हणजे खाली काही ना काही आधार सतत राहतो. हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) आणि रिमचा एकमेकांना टेकणारा भाग फडक्याने पुसावा. तिथे राहिलेली माती किंवा गंजाची पापडी काही किलोमीटरनंतर झडून जाते आणि नट आपोआप ढिले पडतात. स्टेपनी चढवताना हात टायरच्या दोन्ही बाजूंना ठेवावेत, खालून बोटे घालू नयेत. निमुळत्या नटाची निमुळती बाजू रिमकडे ठेवून सगळे नट आधी हाताने फिरवावेत, मग पान्याने हलके आवळावेत. नंतर खालचे चाक बाहेर काढून गाडी उतरवावी, आणि वजन टायरवर आल्यावर पूर्ण ताकदीने आवळावे : पाच नट असतील तर एकाआड एक, सहा असतील तर समोरासमोर. ओळीने आवळत गेल्यास रिम एका बाजूला कलून बसते.

या सर्व काळात शरीराचा कोणताही भाग गाडीखाली जाऊ देऊ नये. खाली पडलेला नटसुद्धा काठीने ओढून घ्यावा.

नट जाम झाले आहेत. पाना पायाने दाबावा का?

पाना आडवा राहील असा बसवून, वरून खाली, शरीराच्या भाराने दाबावा. खालून वर ओढताना पाना सुटला तर पाठ आणि हात दोन्ही दुखावतात. पान्याला पाइप लावून लांबी वाढवता येते, पण फक्त सोडताना. आवळताना पाइप वापरला तर बोल्टचे आटे ताणले जातात. पान्यावर उड्या मारू नयेत. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस चोपडू नये, कारण त्यामुळे तेवढ्याच जोराने नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. जुन्या जीपच्या डाव्या चाकांसारखे काही ठिकाणी आटे उलटे असतात. जोर लावण्यापूर्वी एकदा खात्री करावी.

नट निघाले पण चाक हबवर चिकटून बसले, तर जॅकवरच्या गाडीला लाथा मारू नयेत. नट पुन्हा दोन-तीन फेरे चढवून गाडी हळू खाली घ्यावी. बहुतेक वेळा वजन येताच चाक सुटते. मग पुन्हा उचलावे.

जॅकवर असताना गाडी हलू लागली तर?

सोडून द्यावी आणि बाजूला व्हावे. अडीच-तीन टन हातांनी सावरता येत नाहीत. गाडी घसरण्यापूर्वी खुणा दिसतात : पाट्यांतून करकर ऐकू येते, जॅक उभा न राहता तिरपा दिसू लागतो, जॅकचे डोके एक्सेलच्या कडेकडे सरकते, ठोकळा आणि टायर यांच्यात फट पडते. यांतली एक जरी खूण दिसली तरी सगळ्यांना दूर करून, चाक जागेवर असेल तर, गाडी हळूच खाली घ्यावी आणि सारे पुन्हा नीट मांडावे.

मागे जोडचाके असतील तर?

टाटा ४०७ सारख्या गाड्यांच्या जोडचाकांत आतला टायर बसलेला पटकन कळत नाही, कारण बाहेरचा टायर दोघांचा भार वाहतो. एकट्याने तो भार वाहिला की तापतो आणि फुटतो. निघताना दोन्ही टायरवर दांड्याने ठोकून आवाज ऐकण्याची चालकांची जुनी सवय चांगली आहे, तरी हवा मोजण्याला ती पर्याय होऊ शकत नाही. दोन टायरमध्ये अडकलेला दगडही काढावा.

स्टेपनी कशी असावी?

ती बाकीच्या टायरच्याच मापाची आणि तेवढाच भार पेलणारी असावी. टायरच्या बाजूवर मापानंतर भारनिर्देशांक छापलेला असतो : १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. मोटारीचा टायर त्याच रिमवर बसतो म्हणून स्टेपनी म्हणून ठेवणारे पुष्कळ आहेत. मागच्या चाकावर एक टन असताना तो ८०० किलोचा टायर किती काळ तग धरेल याचा भरवसा नाही. बाजूवरच्या चार आकड्यांवरून टायर कधी बनला ते कळते. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असूनही बाजूला भेगा पडलेली जुनी स्टेपनी भरल्या गाडीला लावू नये.

स्टेपनीत मागच्या भरल्या चाकाला सांगितलेली हवा ठेवावी. पुढे लावण्याची वेळ आली तर हवा कमी करता येते. रस्त्यात वाढवता येत नाही.

चाक बदलल्यावर लगेच नेहमीच्या वेगाने जाता येईल का?

पहिल्या हवा भरण्याच्या ठिकाणापर्यंत सावकाश जावे आणि तिथे हवा मोजून घ्यावी. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर थांबून नट पुन्हा आवळावेत. चाकातून टकटक आवाज आला किंवा स्टिअरिंग थरथरले तर तेवढे अंतर होण्याची वाट न पाहता थांबावे.

बसलेल्या अवस्थेत चालवलेला टायर पंक्चर काढून लगेच चढवू नये. तो रिमवरून उतरवून आतून पाहायला सांगावे. आत काळी पूड निघाली किंवा बाजू सुरकुतलेली दिसली तर आतले धागे गेलेले आहेत, आणि असा टायर हवा भरतानाच फुटू शकतो.

गाडी ओव्हरलोड असेल तर?

तर जॅकचा, टायरचा आणि ठोकळ्यांचा वर दिलेला कोणताच हिशोब लागू होत नाही. अशी गाडी आधी हलकी करावी, मगच हात लावावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार रुपये दंड आहे. टायर बसण्याचे कारणही पुष्कळदा इथेच असते : जादा वजन आणि कमी हवा यांमुळे टायरची बाजू सतत दुमडत राहते, तापते आणि उन्हाळ्यात लांबच्या धावेत शेवटी फाटते.

गाडीत कोणते साहित्य असावे आणि ते कुणी द्यावे?

क्षमतेचा जॅक आणि त्याचा दांडा, नटाला नेमका बसणारा लांब पाना, चार ठोकळे, दोन फळ्या, दोन परावर्तक त्रिकोण, परावर्तक जाकीट, बॅटरी, हातमोजे, हवा मोजण्याचे मीटर आणि जाड फडके. हे सगळे एका पेटीत घालून ती माल न उतरवता हाती येईल अशा जागी ठेवावी. मालाखाली गाडलेला जॅक असून नसल्यासारखा आहे.

हे साहित्य मालकानेच द्यायचे आहे. चालक पगारी असो वा फेरीवर असो, त्याच्या खिशातून ठोकळे आणि जॅक येण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याहून मोठी गोष्ट वेळेची. पहाटे बाजार समितीत माल पोहोचवायचा असतो, उशीर झाला तर भाव पडतो आणि भाड्यातून पैसे कापले जातात; त्या धाकाने माणूस माल न उतरवता, ठोकळे न लावता, रहदारीच्या अंगाला एकटाच वाकतो. पंक्चरमुळे झालेल्या उशिराचे पैसे चालकाकडून कापायचे नाहीत, आणि जागा धोक्याची असेल तर क्रेनचा खर्च न विचारता करायचा, हे मालकाने त्याला आधीच सांगून ठेवावे; शक्यतो लिहूनच द्यावे.

स्वतः हात लावूच नये, अशी वेळ कोणती?

जमीन उतरती किंवा रुतणारी असेल, ठोकळे नसतील, जॅकची क्षमता कमी असेल, उजवे चाक रहदारीच्या अंगाला असेल, माल एका बाजूला घसरलेला असेल, दाट धुके किंवा मुसळधार पाऊस असेल, अथवा चालक दमलेला असून जोडीला कुणी नसेल, तर मदत बोलवावी. रात्री एखाद्या अनोळखी वाहनाने ‘टायर पंक्चर आहे’ असा इशारा केला आणि आपल्याला गाडीच्या चालीत काही फरक जाणवत नसेल, तर निर्जन जागी उतरू नये. वेग कमी करून उजेडाच्या पेट्रोल पंपापर्यंत जावे आणि तिथे चाके तपासावीत.